लाईट येते तेव्हा हात कुठं असतो

"मॅडम, तुमचा कॉम्प्युटर म्हणतो तसं कुणी करत नसतं. आन लाईट जायची टेस्ट आम्ही लई वेळा घेतलीय," जगताप म्हणाले. बाहेर टेम्पो येऊन उभा होता. त्यात नवा प्रेस चढवायचा होता, आणि मी नको म्हणत होते.

जगताप मूळचे लासूर स्टेशनचे. शेती भावाकडे सोपवून यांनी वाळूजला प्रेस बनवायचा छोटा कारखाना टाकला. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं मशिन. हा टाकीत साठवलेल्या हवेच्या दाबावर चालायचा. हात आत राहू नये म्हणून याला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबून धरली, तरच वरचा ठोकळा खाली येणार. एक जरी सोडलं तरी तो वर जाणार. हे सगळं सांभाळतो एक छोटा कंट्रोलर आणि त्यातला प्रोग्रॅम.

मी कॉम्प्युटर सायन्स शिकवते. माझं संशोधन फॉर्मल व्हेरिफिकेशनमधलं. नाव जड आहे, कल्पना सोपी. टेस्टिंग म्हणजे क्रांती चौकातून घरी जायच्या नेहमीच्या रस्त्यावर खड्डे आहेत का ते बघणं. व्हेरिफिकेशन म्हणजे एकही गल्लीबोळ न सोडता सगळे रस्ते पालथे घालणं आणि मग छातीठोकपणे सांगणं, की खड्डा नाही. किंवा आहे, आणि तो इथं आहे. असं तपासणारं टूल मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खपून बनवलं होतं. पण ते चाललं होतं पुस्तकी उदाहरणांवरच. मी मागून घेतलेला जगतापांचा प्रोग्रॅम हा पहिला खरा.

टूलला मी एकच वाक्य दिलं होतं: बटणं दाबलेली नसताना ठोकळा खाली येत नाही. टूल म्हणालं, येतो. वर रस्ताही दाखवला. दोन्ही बटणं दाबा, लाईट घालवा, बटणं सोडा, लाईट आणा.

मी प्रोग्रॅम उघडून बसले, तेव्हा कारण सापडलं. आपल्याकडच्या लाईटचा काय भरवसा? म्हणून जगतापांनी कंट्रोलरची सगळी आठवण बॅटरीवर टिकवली होती. लाईट आली की काम थांबलं तिथून पुढं सुरू. हुशारीच ती. पण त्यात 'दोन्ही बटणं दाबलेली आहेत' ही आठवणही टिकत होती. ती पुसली जायची बटण सोडण्याच्या क्षणी. तो क्षण लाईट नसताना आला, तर तो बघायला कंट्रोलर जागाच नसायचा.

"तुम्ही टेस्ट घेताना बटणं आधी सोडली होती का?" मी विचारलं.

"व्हय. लाईट घालवायची म्हणल्यावर आधी हात बाजूलाच घेणार ना."

"मग एकदा मी सांगते तसं करू."

टेस्टिंगचं काम सुमनबाईंकडं होतं. कन्नड तालुक्यातल्या, बोलायला एकदम मोकळ्या. त्यांनी एका रबरी हातमोज्यात चिंध्या कोंबल्या आणि मशिनसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही बटणं दाबली. जगतापांनी मेन स्विच पाडला, तसा ठोकळा वर गेला. सुमनबाईंनी बटणं सोडली, मोजा ठोकळ्याखाली ठेवला आणि मागं सरकल्या.

"चालू करा," मी म्हणाले.

जगतापांनी स्विच वर केला. धाडकन ठोकळा खाली आला. बटणांजवळ कुणीही नव्हतं.

मोज्याची पोळी झाली होती. सुमनबाई आपला उजवा पंजा उलटसुलट करून बघत होत्या.

"साहेब," त्या म्हणाल्या, "लाईट गेली की अडकलेला पत्रा आम्ही हातानंच काढतो. मशिन बंदच असतं म्हणून. समदेच काढतात."

जगतापांनी मेन स्विच पुन्हा खाली केला.

माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा होताच, पण नुसता भीतीचा नव्हता. त्या टूलला हात म्हणजे काय ते ठाऊक नाही. पत्रा, लोडशेडिंग, सुमनबाई, काहीच ठाऊक नाही. त्याच्यापुढं फक्त शून्य आणि एक. तेवढ्यावर ते अंधारातून चाचपडत नेमकं त्या पंज्यापर्यंत पोचलं होतं. इतकी वर्षं फळ्यावर मी हेच शिकवत आले, आणि ते इतकं खरं आहे हे मला त्या दिवशी कळलं.

टेम्पो रिकामा परत गेला. दुरुस्ती किरकोळ होती: लाईट आली की बटणांची आठवण आधी पुसायची, आणि बटणं सोडून पुन्हा दाबल्याशिवाय ठोकळा हलवायचा नाही. टूल पुन्हा चालवलं. सगळे रस्ते फिरून ते एका ओळीचं उत्तर घेऊन आलं: असा रस्ता नाही.

"एवढंच?" जगताप म्हणाले.

"एवढंच."

मी मात्र त्या ओळीकडं बघतच राहिले. 'सापडला नाही' असं ती म्हणत नव्हती. 'नाही' म्हणत होती. माणसाला असं किती गोष्टींबद्दल म्हणता येतं?

सुमनबाईंनी नव्या मोज्यावर सगळं पुन्हा करून बघितलं. ठोकळा वरच राहिला. मग त्यांनी मोजा काढून घेतला, पण एका लांब पट्टीनं ओढून.

जगतापांचा प्रत्येक नवा प्रोग्रॅम आता टेम्पो बोलवायच्या आधी माझ्याकडं येतो. आणि 'असं कुणी करत नसतं' हे वाक्य कानावर पडलं, की मी वाद घालत नाही. मेन स्विच कुठंय, एवढंच विचारते.