ऑपरेटरकाकांनी पाठवलेला नंबर

पाणीपुरवठा खात्याच्या कंट्रोल रूममध्ये फोनवर बसणाऱ्या ऑपरेटरकाकांना दिसत नव्हतं. जन्मापासून नव्हे, नवव्या वर्षी ताप डोक्यात गेला आणि दृष्टी घेऊन गेला. त्याआधीचे बरेच रंग त्यांना आठवत. आईच्या साडीचा जांभळा, शाळेच्या दाराचा हिरवा. पाण्याचा रंग मात्र काही केल्या आठवत नसे. "आणि नोकरी कुठं लागावी," ते हसत सांगत, "तर पाणीखात्यात!"

एकतीस वर्षं त्यांनी या खोलीत फोन जोडले. आधी भिंतीएवढ्या बोर्डावर, वायरीच्या शेंड्या भोकांत खुपसून. मग बटणांच्या पेटीवर. नंबर लिहून ठेवायची सोय नव्हती, म्हणून ते डोक्यात ठेवत गेले. जलकुंभांचे, पंपांचे, मुकादमांचे, व्हॉल्वमनचे, त्यांच्या शेजाऱ्यांचे, त्यांच्या मेव्हण्यांचे. शहराखालचे नळ कुणी नकाशावर पाहिले असतील, काकांनी ते माणसांच्या आवाजांनी ओळखले होते. समोरचा 'हॅलो' म्हणायच्या आधी श्वास घेतो ना, त्यावरून ते सांगत, "बोला मुकादम, पाय कसा आहे?" त्यांची बायको मात्र म्हणे, "अख्ख्या शहराचे नंबर पाठ, आणि मी सांगितलेल्या चार वस्तूंतल्या दोन दुकानातच विसरून येता."

मग एके दिवशी बटणांची पेटी उचलून नेली आणि जागेवर कॉम्प्युटर आला. आता खात्याचं सगळं बोलणं मेसेजच्या ॲपवर होणार होतं. काकांना वाटलं, आपला बाडबिस्तरा आवरायची वेळ आली. पण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारी एक बाई बसवलेली होती, आणि शेजारच्या टेबलावर नुकतीच रुजू झालेली एक इंजिनिअर मुलगी होती. तिला सगळे छोट्या मॅडम म्हणत. तिने जेवणाच्या सुट्टीत काकांना शिकवायला घेतलं.

"काका, नंबर तोंडी सांगायचा नाही. माणूसच पाठवायचा."

"माणूस पाठवायचा म्हणजे?"

"ज्याला पाठवायचं त्याची चॅट उघडायची. टॅब दाबत जा, बाई 'जोडा' म्हणाली की एंटर. मग बाण खाली, बाण खाली... 'संपर्क' म्हणाली? एंटर. आता नाव टाइप करा, निवडा आणि पाठवा."

काकांनी सरावासाठी तिच्यासमोर बसून चाळीसेक नंबर कॉम्प्युटरमध्ये भरले होते. त्यांतला पहिला त्यांनी मॅडमना पाठवला. सुर्रकन आवाज झाला. त्याच क्षणी शेजारच्या टेबलावर तिचा फोन टुणकन वाजला. काका कितीतरी वेळ हात कीबोर्डवर तसाच ठेवून बसले.

"गेला?"

"आला की."

"सगळा? नाव, नंबर, सगळं? एक आकडाही इकडचा तिकडे नाही?"

"काका, एक आकडाही नाही."

आयुष्यभर त्यांनी आकडे दोनदा म्हणून, समोरच्याकडून तिसऱ्यांदा म्हणवून घेतले होते. सहाचा नऊ ऐकणारे, मधला शून्य गिळणारे, लिहायला पेन नाही म्हणून कोळशाने भिंतीवर लिहिणारे लोक त्यांनी सांभाळले होते. आणि इथे एका बोटाच्या दाबाने अख्खा माणूस शेजारच्या टेबलावर गेला. त्या दुपारी त्यांनी मॅडमना उगाचच अकरा नंबर पाठवले. ती वैतागली नाही, प्रत्येक वेळी "आला, काका" म्हणत राहिली.

घरी त्यांनी बायकोला हे तीनदा सांगितलं. ती म्हणाली, "ऑफिसातली ती बाई दिवसभर बोलते, ते बरं चालतं. माझं एवढं लक्ष देऊन कधी ऐकलंत?"

पुढे दोनच महिन्यांनी, सकाळी साडेनऊच्या सुमाराला, प्रसूतिगृहासमोरची मुख्य जलवाहिनी फुटली.

कंट्रोल रूममध्ये एकदम सगळे फोन वाजायला लागले. रस्त्यावर पुरुषभर उंच पाणी उडत होतं, आणि उताराने सगळं प्रसूतिगृहाच्या तळघरात शिरत होतं. तळघरात वीज पुरवणारी यंत्रं होती आणि वरच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांत वेळेआधी जन्मलेली नऊ बाळं. पाणी बंद करायचं तर त्या रस्त्याखालचा मोठा व्हॉल्व बंद करायला हवा होता. नकाशात व्हॉल्व होता. मुकादमाने माणसं लावून नकाशातल्या जागी खोदलं, तर खाली नुसता मुरूम.

"तिथं काही नाही मॅडम!" मुकादम फोनवर ओरडत होता. मागे पाण्याचा असा घोंघाट की त्याचा शब्द कापून कापून येत होता. "आणखी कुठं खोदू? अख्खा रस्ता खोदू का?"

छोट्या मॅडमनी तिन्ही नकाशे टेबलावर पसरले. तिन्हींत व्हॉल्व वेगवेगळ्या ठिकाणी. साहेब बाहेरगावी. तिचा आवाज पहिल्यांदाच पातळ झालेला काकांनी ऐकला.

"मॅडम," काका म्हणाले, "मला जागा माहीत नाही. पण माणूस माहीत आहे."

त्या भागाचे जुने व्हॉल्वमन आप्पा. निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी काकांना फोन करून सांगितलं होतं, "आता लेकीकडे राहायला चाललो. हा नंबर ठेव. लागेल कधीतरी." आठ वर्षांत एकदाही लागला नव्हता. पण तो काकांनी डोक्यातून काढला नव्हता, आणि सरावाच्या त्या चाळीस नंबरांत भरलाही होता.

"मला पाठवा, लगेच!"

टॅब, एंटर, बाण, बाण. काकांच्या बोटांना घाम फुटला होता. सुर्र. टुण. "आला!" म्हणत मॅडमनी तो तसाच पुढे ढकलला, घाईघाईत, खात्याच्या मोठ्या ग्रुपवर. त्या ग्रुपवर एकशे साठ माणसं.

आणि एकशे साठांपैकी ज्याला ज्याला काळजी वाटली, त्याने त्याने आप्पांना फोन लावला.

मुकादमाने लावला तर लाइन बिझी. मॅडमनी लावला, बिझी. पुन्हा, बिझी. तिकडे तळघराच्या खालून चौथ्या पायरीपर्यंत पाणी आल्याचा निरोप आला. मॅडमनी कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. काका, माझंच चुकलं हो."

"ते नंतर बघू. ग्रुपवर लिहा, आप्पांना कुणीही फोन करू नका." तोवर काकांनी पुन्हा कीबोर्डवर हात ठेवला होता. आप्पांची लेक. लहानपणी शाळेतून आली की ती इथे काकांच्या बोर्डाला फोन करी, "काका, माझ्या बाबांना जोडा ना." तिने लग्नानंतर लॉन्ड्री काढली, तिथला नंबरही तिने कौतुकाने काकांना कळवला होता. तो कॉम्प्युटरमध्ये नव्हता. डोक्यात होता. काकांनी नवीन संपर्क उघडला, आकडा आकडा टाकला, बाईकडून परत म्हणवून घेतला, आणि या वेळी एकट्या मुकादमाला पाठवला.

"मुकादम, नंबराचं कार्ड आलंय बघ. त्याच्यावर बोट ठेव. आणि आम्हालाही त्याच कॉलमध्ये घे."

दोन रिंगा. मग काकांना इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज ऐकू आला, एका बाईचा "बाबा, तुमच्या ऑफिसातून!" आणि मग तो ओळखीचा श्वास.

"कुठं फुटलं?" आप्पांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मुकादमाने सांगितलं.

"प्रसूतिगृहाच्या गेटाला पाठ लाव. समोर दिव्याचा खांब आहे का अजून?"

"आहे!"

"खांबाला उजव्या हाताला ठेवून सरळ सात पावलं. पण माझी पावलं. मी बुटका माणूस. तू केवढा आहेस?"

"सहा फूट."

"मग साडेपाच टाक. तिथं डांबराखाली लोखंडी झाकण आहे. त्याच्यावर चारदा तरी रस्ता केला असेल, खोल खणावं लागेल."

पहारीचे घाव फोनमधून ऐकू यायला लागले. खोलीतले सगळे एव्हाना काकांच्या टेबलाभोवती जमले होते, स्पीकरकडे तोंड करून. ठक. ठक. ठक. मग टण्ण! कुणीतरी तिकडे आरोळी ठोकली.

"चावी लावली!" मुकादम हाफत होता. "आप्पा, फिरत नाही! जाम झालाय!"

"कुठल्या बाजूला फिरवतोस?"

"उजवीकडे, बंद करायला..."

"थांब! मोडशील! तो उलट्या आट्यांचा आहे. तेवढा एकच तसा बसवलाय या शहरात. डावीकडे फिरव. चार माणसं लाव, झटका देऊ नका. बहात्तर फेरे आहेत. मोजत जा."

मुकादमाने मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. विसाव्या फेऱ्यापर्यंत घोंघाट तसाच होता. चाळिसाव्याला काकांना वाटलं, पाण्याचा आवाज किंचित खाली बसला. पंचेचाळिसाव्याला मॅडमनी त्यांचा खांदा घट्ट धरला. साठाला तो आवाज एखाद्या मोठ्या गर्दीने बोलणं थांबवावं तसा विरत गेला. मुकादमाचा श्वास ऐकू यायला लागला. एकाहत्तर. बहात्तर.

आणि मग काहीच नाही. कुठेतरी एक थेंब गळत होता. रस्त्यापलीकडे एका खिडकीत तान्हं मूल रडत होतं, ते इथे चार मैलांवर या खोलीत स्पष्ट ऐकू आलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे ते रडणं ऐकत उभे राहिले.

"बंद झालं का रे?" आप्पांनी विचारलं.

"झालं, आप्पा," काका म्हणाले.

"तू आहेस होय लायनीवर! मला वाटलंच."

पाणी तळघराच्या सहाव्या पायरीवर थांबलं होतं. यंत्रं सातव्या पायरीच्या उंचीच्या ओट्यावर होती. संध्याकाळपर्यंत नवा नळ बसला.

दुसऱ्या दिवशी मॅडम सकाळीच काकांपुढे खुर्ची घेऊन बसल्या. "काका, तुमच्या डोक्यातलं सगळं मला द्या."

काका म्हणत गेले, ती टाइप करत गेली. तेरा दिवस लागले. अकराशे आठ माणसं निघाली. काकांना आतून धास्ती होती, दिलेला नंबर डोक्यातून गेला तर? रात्री अंथरुणावर ते तपासून बघत. सगळे जागच्या जागी होते. नुसता नंबर नाही, कुणाला खोकला होता, कुणाची मुलगी गाते, तेही ते सांगत आणि मॅडम तेही कार्डात लिहीत. त्यांतले काहीजण आता नव्हते. मॅडमनी विचारलं, त्यांना गाळू का? काका म्हणाले, "राहू द्या. त्यांच्या घरी कुणीतरी फोन उचलतंच."

शेवटी तिने विचारलं, "आणि तुमचा नंबर, काका?"

काकांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तो त्यांना येत नव्हता. स्वतःला फोन करायची वेळच कधी आली नव्हती! मॅडम इतक्या हसल्या की शेजारचा टायपिस्ट उठून आला. मग बायकोला फोन करून तो विचारून घेतला. तीही हसली, पण आकडे तिने दोनदा म्हणून दाखवले, तिसऱ्यांदा काकांकडून म्हणवून घेतले.

मॅडमनी ते कार्ड आप्पांना पाठवलं. तासाभरात आप्पांचा फोन आला. "रविवारी येतोय. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकला. कसा दिसतोस बघतो."

"मला नाही दिसणार तुम्ही."

"माझ्यात बघण्यासारखं काही नाही. पण तुला एक वस्तू दाखवायचीय."

रविवारी आप्पांनी काकांचा हात धरून त्यांना प्रसूतिगृहासमोर नेलं. खड्ड्याला आता विटांचं नवं तोंड बांधलं होतं, आत लोखंडी पायऱ्या होत्या. मुकादमाने झाकण उघडलं. आप्पा आधी उतरले, मग काकांचा एकेक पाय पायरीवर ठेवत त्यांना खाली घेतलं. ओल्या मातीचा आणि गंजाचा वास होता. वरचा रस्ता एकदम लांब गेला.

"हात दे." आप्पांनी काकांचा तळवा थंडगार लोखंडावर ठेवला. एकतीस वर्षं काकांनी हजारदा म्हटलं असेल, व्हॉल्व बंद करा, व्हॉल्व सोडा. हात आज पहिल्यांदा लागला होता. तो त्यांना वाटला होता त्याच्या चौपट मोठा होता. वरून खडबडीत, कडेला बोटाएवढ्या जाड नटांची रांग.

"थांब. हलू नकोस," आप्पा म्हणाले.

काकांनी श्वास रोखला. तेव्हा त्यांना कळलं की लोखंड थरथरतंय. अगदी बारीक, न थांबता. त्यांच्या तळव्याखालून, वीतभर अंतरावरून, अर्ध्या शहराचं पाणी चाललं होतं. इतक्या घरांत, इतक्या मजल्यांवर, त्यांनी आवाजाने ओळखलेल्या आणि कधीच न ओळखलेल्या माणसांकडे.

"हे रोज असंच असतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोज."

काकांनी दुसरा हातही ठेवला.