सरांच्या फोनवर येणारा कोड

पासपोर्ट परत आला त्या दिवशी आबांनी तो पानन् पान उलटून पाहिला आणि विचारलं, "शिक्का कुठं हाय?"

"आता शिक्का नसतो आबा. व्हिसा ऑनलाइन असतो. खात्यात."

"खात्यात म्हंजी कुठं?"

माझे वडील अठरा वर्षं फौजेत होते. हातात शिक्क्याचा कागद असल्याशिवाय त्यांनी कुठला प्रवासच केला नव्हता. मी हसले. तेव्हा मलकापूरच्या आमच्या घरात हसू येत होतं. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अन्नप्रक्रियेच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला होता, व्हिसा मंजूर झाल्याचं पत्रही आलं होतं.

ते पत्र पाठवलं होतं सांगलीच्या सरांनी. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांचे अर्ज भरून देणारं त्यांचं एका खोलीचं ऑफिस होतं. व्हिसाचं खातं त्यांनीच उघडलं. ईमेल त्यांचा, मोबाइल नंबरही त्यांचाच. "तुम्ही पोरं सगळं विसरता, माझ्याकडे राहू दे," असं ते म्हणाले होते आणि मला ते सोयीचंच वाटलं होतं.

मग विद्यापीठाचा ईमेल आला. व्हिसाच्या खात्यात जाऊन व्हिसा असल्याच्या पुराव्याचा एक कोड काढून शुक्रवारपर्यंत पाठवा, नाहीतर जागा राखून ठेवता येणार नाही. मंगळवारी मी पासपोर्टचा नंबर टाकला, जन्मतारीख टाकली. खातं उघडण्यासाठीचा आकडा तुमच्या मोबाइलवर पाठवला आहे, असं स्क्रीनवर आलं. माझ्या नाही, सरांच्या. सरांचा फोन बंद. बुधवारीही बंद. मदतकेंद्राकडे लिहिलं तर उत्तर आलं, नंबर बदलायला काही दिवस लागतील. आई देवापुढून उठेना. मी दर दहा मिनिटांनी फोन लावत राहिले. पलीकडची ती बाई दर वेळी त्याच आवाजात तेच सांगायची.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं आबा आणि मी सांगलीला गेलो. ऑफिसचं शटर खाली होतं. शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, "सर गेले की. आज अकरावा दिवस. झोपेतच अटॅक आला."

मला सर आवडायचे. माझी मुलाखतीची तयारी त्यांनी तीनदा करून घेतली होती. तरी पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते एवढंच, की मग माझ्या कोडचं काय? हे मी आजवर आबांनाही सांगितलेलं नाही.

झेरॉक्सवाल्यानं माधवनगरचा पत्ता दिला. आबा तिथंच पायरीवर बसले.

"सुतकाच्या घरात जाऊन फोन मागायचा? मला न्हाई जमायचं त्ये."

"आबा, उद्या शेवटचा दिवस आहे."

आबा उठले आणि रिक्षाला हात केला.

सरांच्या घरात त्यांच्या फोटोपुढे समई होती. त्यांच्या पत्नी, काकू, भिंतीला टेकून बसल्या होत्या. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या मुठीत माझा फोन घामानं ओला झाला होता. शेवटी आबाच म्हणाले, "ताई, लय वाईट येळंला आलोय. माफी करा. पोरीचं काम सायबांच्या फोनात अडकलंय."

"सगळ्यांचंच अडकलंय," त्या म्हणाल्या. "पहिले दोन दिवस मी उचलत होते. पोरं नुसती रडायची. काय मागतात तेच मला कळेना. मग बंद करून ठेवला."

त्यांनी कपाटातल्या साड्यांखालून फोन काढला. चार्जिंग संपलं होतं. चार्जर लावून आम्ही तिघं त्या काळ्या काचेकडं बघत बसलो. चालू झाल्यावर त्यांनी बोटानं फोन उघडायची नक्षी काढली, चुकली. परत काढली, चुकली. "रोज बघायचे मी त्यांना काढताना," त्या म्हणाल्या आणि तिसऱ्यांदा तो उघडला. लगेच मेसेजची रांग लागली, थांबेचना.

मी माझ्या फोनवरून खातं उघडायचा आकडा मागवला. आला नाही. खोलीत रेंज येत-जात होती. अंगणात आलो, परत मागवला. सहा आकडे आले. काकूंनी ते एकेक करून वाचले, मी टाकले आणि खातं उघडलं. नंबर बदलून माझा टाकला, विद्यापीठाला हवा होता तो कोड काढून तिथूनच पाठवला. मग मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. काकूंनी तो माझ्या हातात दिला.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्या अंगणातच होतो, अडकलेल्या बाकीच्या पोरांचे फोन घेत. एकेकाला सांगायचं, आता मागव, मग आलेले आकडे वाचायचे, खातं उघडलं म्हणाला की दुसऱ्याचा उचलायचा. दोघांनी एकदम मागवलं की गोंधळ व्हायचा, कारण कुठला आकडा कुणाचा ते मेसेजमध्ये नसायचं. आबा माझ्या वहीत खुणा करत होते.

शेवटी जतच्या एका मुलीचा फोन आला. तिनं त्या नंबरावर किती वेळा फोन केला होता ते स्क्रीनवर दिसत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "मागव, मी वाचते."

"माझी मुदत सोमवारीच संपली," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "मला फक्त विचारायचं होतं, सर असं का वागले?"

मी तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "मी त्यांना लय शिव्या दिल्या. मेसेजमध्ये. त्या घरच्यांनी वाचल्या आसतील का?"

काकू समोरच उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाही. कुणी नाही वाचल्या." फोन ठेवल्यावर काकूंच्या देखत मी ते मेसेज पुसून टाकले. त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी गेले. विमानतळावरच्या बाईनं पासपोर्टचा नंबर टाकला, स्क्रीनकडं पाहिलं आणि मला आत सोडलं. जतच्या त्या मुलीचा नंबर मी उतरवून घेतला नव्हता.