गरम करून काढायचं ऑइल

डोंगरकड्याच्या सखाराममामांनी मला गाडीचं ऑइल बदलायला शिकवलं. मामा म्हणजे आमचे शेजारी, ट्रॅक्टर चालवणारे. आज इथं सुरतेत मालकाच्या गाडीखाली जुनं काळं ऑइल हातावर आलं आणि त्या वासानं मी थेट आमच्या अंगणात जाऊन पोचलो.

शाळा सातवीतच सुटलेली. जुनी गाडी घेऊन नुकताच भाडी मारायला लागलो होतो. इंजिन बसलं तर घरी काय सांगू, ही भीती कायम असायची. शेतात जाता जाता मामा म्हणाले, "ऑइल गरम करून काढ." मी नव्या ऑइलचा डबाच चुलीपाशी शेकत ठेवला.

मामांनी परत येऊन डब्याला हात लावला. "हे काहून शेकून राहिला? गाडीला आंघोळ घालतो का?"

"तुमीच म्हणले ना, गरम करून काढ."

"जुनं रे लेकरा. इंजिन थोडं चालवून, मग बंद करून."

हसले, पण गावात कुणाला सांगितलं नाही. माझ्याबराबर मातीत आडवे झाले आणि ऑइल काढायचा खालचा नट मलाच खोलू दिला. नवं ऑइल भरल्यावर ते मोजायची पट्टी बुडवून मला उन्हात धरायला लावली. "दोन खुणांच्या मधी हाय? मग भ्यायचं न्हाई."

तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली होती. आता चुकलं तरी हसणारं कुणी जवळ नाही. पट्टी मी एकटाच दोनदा बघतो.

मामा, गावी आलो की तुमच्या ट्रॅक्टरचं ऑइल मी बदलणार. तुमी बाजेवर बसायचं आणि फक्त पट्टी बघायची.