चुन्याची खूण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. एकदा मुलीजवळ सांगायला बसले होते — आणि भाजीच्या गोष्टी करून उठले. आता तुम्ही समोर बसलाय असं धरते आणि सांगते. मध्येच थांबले तर थांबू द्या.

अकोल्यात आमचं इंजिनाचं वर्कशॉप आहे. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं शिकवलं. ते गेल्यावर दुकान मी चालवलं आणि हात अजीजचा. अजीज त्यांच्याच हाताखाली तयार झालेला, चाळिशीचा माणूस. मालकांना भाऊ आणि मला भाभी म्हणायचा.

बारा वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका वकिलांनी वडिलांची जुनी परदेशी गाडी आणली. तिचं इंजिन मिनिटाला सात हजार फेरे घेणारं. तुम्हाला याचा अर्थ कळतो का? खाली क्रँक फिरतो, वर कॅमशाफ्ट. खालच्याचे दोन फेरे, वरच्याचा एक. वरचा फिरतो तसे वॉल्व्ह उघडतात, मिटतात — सेकंदाला पन्नासाच्या वर वेळा. आणि उघडलेला वॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनपासून किती लांब असतो? आम्ही कणकेची गोळी पिस्टनवर ठेवून इंजिन हाताने फिरवायचो आणि दबलेली कणीक मोजायचो. कणीक माझ्याच स्वयंपाकघरातली. त्या गाडीत ती तिळाएवढी उरली. तिळाएवढ्या जागेत हा सगळा खेळ, आणि कोणी कोणाला शिवत नाही. एवढी वर्षं इंजिनं पाहिली, पण त्या दिवशी मी गप्प झाले. देवळातही अशी गप्प होत नाही.

वरचा आणि खालचा यांचा मेळ कशानं ठेवायचा, हा प्रश्न होता. जुनी चेन ढिली पडली होती. पट्ट्याला त्या इंजिनात जागा नव्हती. मी म्हणाले, नवी चेन टाका. मालकांनी जन्मभर चेनच टाकली. अजीज म्हणाला, गियर. सात हजारावर चेन फडफडते, टायमिंग हलतं. गियर हलत नाही.

मी हट्ट धरला. तेव्हा वकिलांसमोर तो हसत म्हणाला, "भाऊच्या टाइमले गाड्या चालत होत्या, भाभी. हे पळते."

वकील हसले. मीही हसले.

त्या वाक्यावर सगळं ढकलू का? नाही ढकलत. त्यात वाईट काही नव्हतं. आणि खरंही होतं.

त्याने गियर स्वतः कापले. आमच्या जुन्या मिलिंग मशीनवर, तिरप्या दात्यांचे. तापवून पाणी दिलं, घासले. मी एक हातात घेतला. काय सांगू? दात्यावरून बोट फिरवलं तर बोट कुठे अडेना. मालकांच्या हातून असं काम झालं नसतं. हे मला कळलं — आणि तेच मला सोसलं नाही.

आमच्याकडे मालकांनी घालून दिलेला एक नियम होता. जो बसवतो त्यानं तपासायचं नाही. बसवणारा वरच्या आणि खालच्या दात्यावर चुन्याची खूण करतो. दुसरा माणूस इंजिन हाताने दोन फेरे फिरवतो, खुणा पुन्हा समोरासमोर आल्या की मोठ्यानं "जुळलं" म्हणतो. मगच झाकण बंद. तपासायचं काम माझं.

शुक्रवार होता. अजीज गियर बसवून नमाजला निघाला. "दोन फेरे पाहून घ्या, भाभी," म्हणाला आणि हात धुऊन गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. कशाला पाहील?

मी दोन फेरे फिरवले. बॅटरी धरली. वरची खूण एक दाता मागे होती.

तिरपा गियर आत सरकवताना थोडा फिरतो. कोणाच्याही हातून होतं. म्हणूनच तर दुसरा डोळा ठेवायचा. मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. डोळे चांगले होते माझे — आणि मग मी रिकाम्या वर्कशॉपात मोठ्यानं म्हणाले, "जुळलं." झाकण लावलं. बोल्ट आवळले.

काय होईल ते मला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. कणीक मीच मोजली होती.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू झालं. जरा खरखरत होतं. वकिलांनी ॲक्सिलरेटर दाबला, फेऱ्यांचा काटा पाच हजाराच्या पुढे गेला, आणि आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. वॉल्व्ह वाकले.

"काय अजीजमियाँ, हेच का तुमचं पळणं?" वकील म्हणाले.

अजीजनं झाकण उघडलं. खूण पाहिली. मग माझ्याकडे वळला. "भाभी, तुमी पाह्यलं होतं ना?"

"मी पाहिलं तेव्हा जुळलं होतं," मी म्हणाले.

त्यानं माझ्यावर शंका घेतली नाही. एकदाही नाही. तो स्वतःच्या हातांकडे पाहत राहिला. महिन्याभरात दुकान सोडून परतवाड्याला गेला.

वकील म्हणाले, ते गियर फेका. मी म्हणाले, नवे मागवते. मागवले नाहीत. अजीजच्या गियरचा एक दाताही दुखावला नव्हता. नवे वॉल्व्ह घातले आणि तेच गियर मी बसवले — एक दाता पुढे. दुसऱ्या मिस्त्रीनं दोन फेरे फिरवून "जुळलं" म्हटलं.

मग तो काटा सात हजारावर गेला. तो आवाज मी कसा सांगू? गियर गात होते. एक सूर, सरळ, कुठे न हलणारा. असा मेळ माणसाच्या हातून होतो, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तो ज्याच्या हातचा होता तो तिथे नव्हता.

वकील माझ्या पाया पडले. अजूनही लोकांना सांगतात — अकोल्याच्या बाईचा हात आहे या गाडीला. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

मागच्या वर्षी परतवाड्याला गेले होते. स्टँडजवळ अजीज एका जीपखालून बाहेर आला. दाढी पांढरी झालेली. ब्रेक आणि क्लचची कामं करतो. टायमिंगचं काम आलं की दुसऱ्याकडे पाठवतो. म्हणाला, "आपल्या हातचं ते काम नाही, भाभी. एकदा पाह्यलं ना."

चहा मागवला त्यानं. मग विचारलं, "ते गाडी चालते का अजून?"

"पळते," मी म्हणाले.

"गियर कोणते टाकले मग?"

सांगायला एक शब्द पुरला असता.

"दुसरे टाकले," मी म्हणाले.

"बरं केलं," तो म्हणाला, कप खाली ठेवला आणि पुन्हा जीपखाली गेला.

गाडीत गियर त्याचेच आहेत.