गरारीचा एक दात

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. "जाऊ दे गं हेमलता" म्हणायला कुणी येणार असेल, तर त्यानं चहा प्यावा आणि गुपचूप निघावं.

माझी मुलगी सुनीती. वय सत्तावीस, गुडगावला विमा कंपनीत नोकरी, आणि रविवार उजाडला की अरावलीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांत डर्ट बाईक. आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टर्समधल्या बाकीच्या मुली कथक शिकल्या, आमची ही धोंड्यांवरून गाडी चढवायला शिकली. वेगानं नाही हं! वेगाचं तिला कौतुकच नाही. माणूस चालेल तेवढ्या गतीनं, अरुंद पायवाटेनं, दोन बाभळींच्या मधून वळायचं आणि पाय खाली टेकवायचा नाही, हा तिचा नाद.

दोन वर्षं ती हिमाचलला जाणाऱ्या संघाच्या निवडीत बाद झाली. दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली. लोक म्हणाले, हात कच्चा आहे. ऐकून ऐकून तीही तेच म्हणायला लागली. मग एक दिवस तिच्या डोक्यात आलं, की दोष गाडीचाही असू शकतो. चेन ज्या दातेरी चकतीवरून फिरते, तिला इथले मेकॅनिक गरारी म्हणतात. पुढच्या गरारीला चौदा दात होते. पुढे दात जास्त असले की गाडी हायवेवर छान पळते, पण अगदी हळू न्यायला गेलं की गुदमरते. तिनं आधी बारा दातांची लावून पाहिली. तिचा जोर नको तेवढा, बारीक खडीवर मागचं चाक जागच्या जागी गरगरायचं. शेवटी तेराची बसवली आणि त्या रविवारी घरी आली ती नाचतच. "आई, क्लचला बोटसुद्धा लावलं नाही यार! टुकटुक टुकटुक करत आख्खा चढ चढली!"

जेवताना तिनं हे सगळं बाबांना समजावून सांगितलं, पुढची गरारी म्हणून वाटी आणि मागची म्हणून ताट फिरवून. आमचे हे "अच्छा, अच्छा" करत आमटी ओरपत होते.

आमचे हे म्हणजे उल्हास करंदीकर, केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी. गाडी ह्यांच्या नावावर आहे आणि वर्षातून एक दिवस ती ह्यांना लागते. चौदा जानेवारीला इथली मराठी मंडळी मोटारसायकलींवरून पानिपतला जातात, काला अंबच्या स्मारकावर फुलं वाहायला. झेंडा ह्यांच्या गाडीला, त्यामुळे हे सगळ्यांच्या पुढे. तेरा दातांनी गाडी ऐंशीच्या वर गेली की थरथरते, इंजिन किंचाळायला लागतं. मग झेंडा मागे पडणार! तिथे जे पडले त्यांच्यापुढे मीही हात जोडते. पण अहो, हरलेल्या लढाईच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचायची एवढी कसली घाई? मागेही एकदा विचारलं होतं मी. "तुला इतिहास कळत नाही," म्हणाले.

यंदा निवड नेमकी आदल्या दिवशी, रविवारी आली. सुनीतीनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "ह्या वेळी गाडी बरोबर आहे. आता बंद पडली तर दोष माझाच. मग मी हे सगळं सोडून देणार." आणि ती बोलते ते करते, हे आम्हाला ठाऊक आहे.

रविवारी गाडी टेम्पोत घालून दमदमा तलावाच्या पलीकडे नेली. मी पहिल्यांदाच बघायला गेले होते, हेही बरोबर होते. कोरडा नाला, त्यात डोक्याएवढे धोंडे, वर जाणारी वीतभर वाट. इंजिन तीनदा बंद पडलं की बाद. पहिल्याच वळणावर बंद पडलं. मला वाटलं, थंडी आहे. दुसऱ्यांदा चढाच्या मध्यावर. तिसऱ्यांदा पोरगी गाडीसकट आडवी झाली. नशिबानं लागलं नाही. हेल्मेट काढून माझ्याजवळ आली, डोळे भरलेले. "गाडी जड वाटत होती गं. पण ते मनाचे खेळ. माझ्या हातातच नाहीये ते, आई."

हे शेजारीच उभे होते. तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे बेटा. सगळ्यांना सगळं जमत नाही."

घरी आल्यावर तिनं गाडीवर घालायचे बूट पुसले आणि विकायला काढले. फोनवर जाहिरात टाकल्या टाकल्या गुडगावच्या एका मुलीनं कळवलं, उद्या संध्याकाळी येते. मी परोपरीनं समजावून पाहिलं. ऐकेल तर शपथ.

सोमवारी हे पानिपतला गेले आणि संध्याकाळी श्रीरंगला घेऊन परतले. श्रीरंग म्हणजे ह्यांचा मंडळातला मित्र. मी चहा दिला. तो खुशीत होता. "वहिनी, काय गाडी पळवली आज उल्हासनं! पंचाण्णव गाठलं तरी हूं की चूं नाही!"

सुनीती तिळगुळाची वाटी घेऊन बाहेर येत होती. ती जागीच थांबली. "पंचाण्णव?"

"बिल्कुल!"

तिनं वाटी टेबलावर ठेवली, दिवाणाखालचे पाने ओढून काढले आणि व्हरांड्यात गेली. गरारीवरचं झाकण उघडल्याचा आवाज आम्ही आत बसून ऐकला. श्रीरंगला काही कळेना. आमच्या ह्यांनी चहाला हात लावला नव्हता.

ती काळ्या हातांनी आत आली. "चौदा आहेत, बाबा."

"अगं, रविवारी मेकॅनिकचं दुकान बंद असतं. सोमवारी पहाटे निघायचं. म्हणून शनिवारीच, तू ऑफिसला गेलीस तेव्हा... वाटलं, एका दातानं काय होतंय."

"मी पडले तेव्हा कळलं?"

हे कपबशी सरळ करायला लागले.

"कळलं का, बाबा?"

"दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा."

मग मात्र माझा तोल गेला. "अहो, लाज कशी वाटली नाही तुम्हाला? पोरगी स्वतःला नालायक समजून रडत होती आणि तुम्ही तिला धीर देत होतात? खरं सांगितलं असतंत तर तिनं तिथल्या तिथे तेराची बसवून घेतली असती आणि तुमचा झेंडा मागे पडला असता, हेच ना?" संक्रांतीच्या दिवशी आणखीही बरंच बोलले, त्यातलं एक अक्षर गोड नव्हतं. श्रीरंग कधी सटकला कळलंच नाही. हे मान खाली घालून "हो" म्हणाले.

मला वाटलं, आता पोरगी थयथयाट करेल. ती मटकन खाली बसली. "म्हणजे चूक माझी नव्हती," म्हणाली. "आई, माझी नव्हती गं. माझा हात बरोबर होता." आणि रडत रडत हसायला लागली. निवड गेली ती गेलीच. यादी सकाळीच लागली होती.

तेवढ्यात बेल वाजली. बूट घ्यायला ती मुलगी आली होती. मी उठले, तर सुनीतीनं माझा हात धरला. "तू बस. बाबा, तुम्ही जा."

ह्यांनी दार उघडलं. "बेटा, जूते अब नहीं बेचने."

"क्यों अंकल? मैं तो इतनी दूर से आई हूँ।"

"कुछ गलती हो गई थी।"

"किसकी?"

हे मागे वळून बघायला लागले. आमच्यापैकी कुणी हललं नाही. "मेरी," म्हणाले, आणि उंबऱ्यात उभं राहून ह्यांना त्या अनोळखी पोरीला सगळं सांगावं लागलं. गरारी, झेंडा, शनिवार, रविवार. संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तो आपने उसे उसी वक्त क्यों नहीं बताया?"

हे आत आले, टेबलावरची तिळगुळाची वाटी उचलली आणि नेऊन तिच्यापुढे धरली.