शुगर हाय का न्हाई?

हदगावकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षं सिस्टर आहे. केसपेपरवर ‘चक्कर, घाम, अशक्तपणा’ एवढंच लिहिता येतं. बाकीचं माझ्याकडं साठत जातं. त्यातही शुगरवाले धावतपळत आले, की किस्सा ठरलेलाच!

एकदा गंगाराममामा रांग मोडून आत घुसले. "सिस्टर, अर्जंट हाय! माझी शुगर संपली!"

"कशावरून?"

"रोज लघवीला मुंग्या लागायच्या. चार दिवस झाले, एकबी न्हाई!"

तपासलं. शुगर एकदम छान. गोळ्या लागू पडल्या होत्या. मामांना ते पटेना. जाताना दारातून वळून त्यांनी डॉक्टर मॅडमना विचारलं, "बरं, मंग मुंग्या गेल्या कुठं?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या!

शेवंताबाईंना चक्कर यायची ती फक्त सोमवारी. तिसऱ्या सोमवारी तर बाकावरच कलंडल्या. ग्लुकोज पाजलं, जरा तरतरी आली, तशी विचारलं, "गोळी कशी घेता?"

"तुम्हीच म्हणला ना, उपाशीपोटी घ्या. बाकीच्या दिवशी भाकर खाल्ल्याबिगर शेतात जाववत न्हाई, मंग गोळी ऱ्हाती. सोमवारी उपास असतो, तवा दोन-दोन घेते!"

तेव्हापासून मॅडमनी ‘उपाशीपोटी’ हा शब्दच सोडला. ‘गोळी घ्या, लगेच जेवा’ म्हणतात.

मारोतीरावांना लेकानं नांदेडहून शुगरची मशीन पाठवली होती. तरी तीन दिवस तोंड कोरडं, सारखी लघवी, आणि माणूस घरीच! चौथ्या दिवशी सुनेनं ऑटोत घालून आणलं. मी चिडले. "घरी मशीन आहे ना? बघितलं नाही?"

"बघितलं की. सकाळ-संध्याकाळ."

"मग काय आलं?"

"हाय."

"काय हाय?"

"शुगर! आता शुगर हाय, हे मलाबी म्हाईत हाय. किती हाय ते सांगनाच!"

मशीनला मोजता येणार नाही इतकी शुगर वाढली, की आकड्याऐवजी इंग्रजीत ‘हाय’ उमटतं. सलाईन लावूनच नांदेडला पाठवलं. आठ दिवसांनी चालत घरी आले.

आणि रखमाबाई. भर दुपारी नवऱ्याला ऑटोतून घेऊन आल्या. आबा घामानं भिजलेले, डोळे मिटलेले, हाक मारली तरी ओ नाही. शुगर एकदम खाली गेलेली. मॅडमनी शिरेतून ग्लुकोज सोडलं. थोड्या वेळानं आबांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. रखमाबाई मात्र भिंतीला टेकून तशाच उभ्या, उजवी मूठ घट्ट आवळलेली.

"मावशी, हातात काय आहे?"

त्यांनी मूठ उघडली. साखर! घामानं विरघळून पाक झालेली.

"ह्ये घरी बरळायले, तवा आशाताईला फोन लावला. ती म्हणली, साखर चारा. तुम्ही धा वर्षं सांगून राहिले, साखर दाखवूबी नका. मला काही सुधरंना. मंग हातातच धरून आणली."

त्यांनी तळहात मॅडमपुढं केला.

"आता तुम्हीच सांगा. देऊ का नको?"