देव्हाऱ्यातलं कॉलेट

त्या वर्षी घट बसवताना मी देवीला मनातल्या मनात चांगलंच सुनावलं होतं. भाव कमी झाला होता असं नाही, पण आपलं ऐकून घेणारं कुणी आहे की नाही, अशी शंका मात्र येऊ लागली होती.

आदल्या वर्षी पक्षाघाताने यांचा उजवा हात लुळा पडला. हडपसरला रस्त्याकडेला आमची पत्र्याची छोटी शेड होती. आसपासच्या कारखान्यांतून बोथट झालेली ड्रिलं आमच्याकडे धार लावायला येत. हाताने धार लावणं यांना आता शक्य नव्हतं, पण शेडमध्ये एक जुनं विलायती यंत्र होतं. त्यात ड्रिल अडकवलं की कोन यंत्रच सांभाळायचं, यांनी डाव्या हाताने दांडा फिरवायचा तेवढा. त्या यंत्राने माझा माणूस अंथरुणातून उठवला होता, आणि नेमकं श्रावणात त्याचं कॉलेट तडकलं. कॉलेट म्हणजे ड्रिल घट्ट धरून ठेवणारी, बोटाएवढी पोलादी नळी, तोंडाशी चिरा पाडलेली. तीच गेल्यावर यंत्राचा उपयोग शून्य.

यंत्र बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तडकलेला तुकडा रुमालात बांधून मी बोहरी आळी पालथी घातली, जुन्या बाजारातल्या गंजक्या ढिगांत हात काळे केले. एका दुकानदाराने चष्म्यावरून तुकड्याकडे पाहिलं आणि ‘बाई, हे संग्रहालयात विचारा’ असं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडे मान वळवली. एका कारागिराकडून नवीन करवून घेतलं, तर त्यात ड्रिल सरळ बसेना. हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. एकदा म्हणाले, दसरा झाला की यंत्र भंगारात देऊन टाकू. त्या आवाजाने मला यंत्राची नाही, यांचीच धास्ती वाटली.

अष्टमीला मी आणखी एका दुकानातून रिकाम्या हाताने परतत होते. स्वारगेटला फूटपाथवर झेंडूचे ढीग लागले होते. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, हत्यारांची पूजा. बंद यंत्राला फुलं कशाला, असं मनात आलं, तरी सवयीने वाकलेच. पैसे काढताना पिशवीतला रुमाल सुटला आणि तुकडा झेंडूत पडला. शेजारी फुलं निवडणाऱ्या एका नऊवारीतल्या बाईंनी तो उचलला आणि माझ्या हातात देण्याआधी कपाळाला लावला.

“ह्यो तर आमच्या देव्हाऱ्यातला हाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यात बी पुजत्यात?”

फुलं बाजूला ठेवून मी त्यांना खोदून खोदून विचारलं. त्या वारज्याच्या होत्या. त्यांचे सासरे कारखान्यात कामाला होते. तिथलं एक यंत्र मोडीत निघालं तेव्हा साहेबांना विचारून त्यांनी अशा नळ्यांची लाकडी पेटी घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली होती. त्या कशासाठी वापरतात, हे त्यांनी घरात कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. ते गेल्यावर पेटी देव्हाऱ्यातच राहिली. खंडेनवमीला कोयता-विळ्याबरोबर तिची पूजा व्हायची, आणि कुंकू लावण्याआधी प्रत्येक नळीवर तेलाचं बोट फिरवायचं, हा सासऱ्यांचा दंडक मोडायची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांच्याबरोबरच बसने वारज्याला गेले. चारी बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मध्ये त्यांचं बैठं घर. देव्हाऱ्यातली पेटी त्यांनी उघडली. लहानमोठी कॉलेटं ओळीने मांडलेली, चिरांमध्ये कुंकू बसलेलं, आणि गंजाचा ठिपका नाही. माझ्या तुकड्यावरची कंपनीची खूण त्यांच्यावरही कोरलेली होती. मला ती मागवेनात. दुसऱ्याच्या घरचा देव कुणी मागतं का? मी फक्त यांच्या हाताचं सांगितलं, त्या भिंतीचं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. मग पदर सावरून त्यांनी पेटीला हात जोडले आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

“न्या. इतकी वर्सं बसून नैवेद्य खाल्ला देवानं. आता कामाला लागू द्या.”

मात्र देव्हाऱ्यातली जागा मोकळी ठेवायला त्या तयार नव्हत्या. माझा तडकलेला तुकडा मागून घेऊन त्यांनी त्याला तेलाचं बोट लावलं, कुंकू वाहिलं आणि पेटीच्या जागी मांडला.

परतताना बसमध्ये पेटी पोटाशी धरून मी बसले होते. ज्या दिवसांत माझ्या ध्यानीमनीही हे दुखणं नव्हतं, तेव्हापासून त्या घरातली माणसं, हातात काय आहे हे ठाऊक नसताना, माझ्यासाठी त्याला तेल लावत होती. हा विचार मला झेपेना. देवाने ऐकावं म्हणून मी एवढा आटापिटा केला, आणि ऐकून घेणं तर माझ्या बोलण्याच्या कितीतरी आधी झालेलं होतं. तेव्हापासून मी मागणं कमी केलं आहे. काळजी वाटते, पण ती देवीच्या पायाशी ठेवता येते.

नवमीला यंत्राला फुलं वाहिली, चालवलं नाही. दसऱ्याला सकाळी यांनी डाव्या हाताने कॉलेट बसवलं. चिरांमधलं कुंकू मी पुसायला गेले तर मानेनेच नको म्हणाले. धार लावलेलं पहिलं ड्रिल लोखंडात उतरलं तेव्हा दोन्ही बाजूंनी लोखंडाचे सारखे वळसे सुटले. धार नीट बसल्याची ती खूण. यांनी त्यातला एक वळसा डाव्या हाताने उचलून उजेडात धरला.

“अगं,” माझ्याकडे न पाहताच म्हणाले, “उद्यापासून डबा भर.”

मी बरं म्हटलं, आणि शेडमधल्या देवीच्या तसबिरीपुढे डोकं टेकलं.